‘डिस्ट्रॉय’ म्हणजे नेमकं काय झालं?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढ्याजवळच्या एका बाईंडिंगच्या दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं. दुकानाचे मालक आमच्या ओळखीचे. मी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते, म्हणून चार दिवसांनी ते विम्याचा क्लेम फॉर्म घेऊन घरी आले. नखांतला गाळ अजून निघाला नव्हता. “ताई, इंग्रजीत तुम्हीच लिहा. माझं सगळंच गेलं,” म्हणाले. यादीत अकरा ओळी होत्या. कटिंग मशीन, स्पायरलचं मशीन, लॅमिनेशन मशीन, कागदाची रिमं, पुठ्ठे, रेक्झिनचे रोल, आणखी काय काय. मी अकराच्या अकरा ओळींपुढे एकच शब्द लिहिला : ‘डिस्ट्रॉइड’. त्यांच्याकडे बघून मला तोच खरा वाटला.

पुढे सर्व्हेअर आला आणि त्यानं पहिल्यांदा कटिंग मशीनवर हात ठेवला. ओतीव लोखंडाचं ते धूड जागच्या जागी उभं होतं. मोटारीत पाणी गेलं होतं, पात्यावर गंज चढला होता. पण मोटार रिवाइंड करून घेतली आणि पात्याला धार लावून आणली की मशीन चालणार, हे मालकांनाही ठाऊक होतं. “मग हे डिस्ट्रॉइड कसं?” त्यानं विचारलं. एका ओळीतला शब्द चुकीचा निघाल्यावर उरलेल्या दहा ओळींकडेही तो संशयानं बघायला लागला. यादी नव्यानं करावी लागली आणि क्लेम तीन आठवडे लांबला. चूक माझी होती. तेव्हापासून हा शब्द लिहिण्याआधी मी थांबते आणि स्वतःला विचारते, की मागे नेमकं काय उरलंय?

हा प्रश्न विचारला की अर्धं काम होतं. आपल्याकडच्या आगीच्या विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत ‘डिस्ट्रॉइड ऑर डॅमेज्ड’ असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात, आणि त्या दोहोंत मोठा फरक आहे. ‘डॅमेज’ झालेली वस्तू अजून ती वस्तूच असते. तिला मार लागलेला असतो, दुरुस्ती केली की ती पुन्हा आपल्या कामाला लागते. ‘डिस्ट्रॉय’ झालेली वस्तू ती वस्तू म्हणून संपलेली असते. तिचा माल उरेल, तुकडे उरतील, राख उरेल, पण तिचं काम करायला ती उरत नाही. दुकानातली कागदाची रिमं भिजून लगदा झाली होती. ती खरोखर ‘डिस्ट्रॉइड’. तरीही तो लगदा वाळवून रद्दीवाल्यानं नेलाच, आणि त्याचे जे चार पैसे आले ते विम्याच्या हिशेबात ‘साल्व्हेज’ म्हणून वजा झाले. म्हणजे नष्ट झालेल्या वस्तूलाही कधीकधी किंमत असते, फक्त ती त्या वस्तूची नसते, मालाची असते.

गाडीच्या विम्यात हीच रेघ आकड्यानं आखलेली आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की ‘टोटल लॉस’ धरतात. पुण्यात घरटी दुचाकी आहे, त्यामुळे हा शब्द बहुतेकांनी गॅरेजमध्ये कधी ना कधी ऐकलेला असतो. अशी गाडी समोर उभी दिसते, चाकं फिरतात, हॉर्नही वाजतो. पण कागदावर ती संपलेली असते.

आता शब्दाच्या मुळाकडे येते, कारण तिथे त्याचा स्वभाव दिसतो. लॅटिनमध्ये ‘स्त्रुएरे’ असं क्रियापद आहे : रचणे, थरावर थर चढवत उभं करणे. त्याच्यातून ‘स्ट्रक्चर’ आला, ‘कन्स्ट्रक्शन’ आला, ‘इन्स्ट्रक्शन’ सुद्धा त्याच घरातला. त्याच्याआधी ‘दे’ लावला की अर्थ उलटतो, रचलेलं उतरवणे. ‘देस्त्रुएरे’ फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोचला आणि ‘डिस्ट्रॉय’ झाला. तेव्हा हा शब्द मुळात बांधकामाशी जोडलेला आहे. जे कुणीतरी किंवा कशानंतरी रचलेलं आहे, त्याची रचना मोडणं. मराठीत मला त्याच्या सर्वांत जवळचा ‘उसवणं’ वाटतो. कापड राहतं, दोरा राहतो, सदरा राहत नाही. इमारत, गाव, जंगल, पुरावा, विश्वास, एखाद्याचं नाव, हे सगळं या क्रियापदाला चालतं, कारण हे सगळं रचलेलं असतं. दगड ‘डिस्ट्रॉय’ होत नाही, फुटतो. दगडांची भिंत मात्र होते.

त्याच्या भावंडांची मुळं वेगळी आहेत. ‘रुइन’ लॅटिनमधल्या ‘कोसळून पडणं’ या क्रियापदातून आला. ‘रेक’ची संगत समुद्राशी, फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजाशी. ‘डेव्हस्टेट’मध्ये ओसाड करण्याचा अर्थ आहे. ‘अनाय्हिलेट’मध्ये ‘निहिल’, म्हणजे शून्य, आहे. ‘डेसिमेट’ तर रोमन सैन्यातली शिक्षा होती, दहांतला एक मारायचा. यांपैकी ‘रुइन’ आणि ‘डिस्ट्रॉय’ यांची आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत होते, आणि ती सोडवायला शनिवारवाड्यासारखी जागा नाही.

शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आतले लाकडी दिवाणखाने आणि मजले जळाले. इंग्रजीत याला ‘डिस्ट्रॉइड बाय फायर’ म्हणतात आणि ते बरोबर आहे, कारण वाडा म्हणून जे काही रचलेलं होतं ते उरलं नाही. पण तट उरला, बुरूज उरले, दिल्ली दरवाजा उरला, जोती आणि हजारी कारंज्याचा हौद उरला. जे उरलं त्याला ‘रुइन्स’ म्हणतात. ‘डिस्ट्रॉय’ काय घडलं ते सांगतो, ‘रुइन्स’ त्यानंतर काय उभं आहे ते. मराठीत यांना आपण ‘अवशेष’ म्हणतो, ‘भग्नावशेष’ म्हणतो. हाच ‘रुइन’ क्रियापद म्हणून वापरला तर पुन्हा वेगळा. लग्नात पाऊस आला तर तो लग्न ‘रुइन’ करतो, ‘डिस्ट्रॉय’ करत नाही. लग्न लागतंच, फक्त त्याची मजा जाते. चांगल्या पैठणीवर तेल सांडलं तर पैठणी ‘रुइन’ झाली. ती धडधाकट आहे, पण नेसता येत नाही. ‘वाट लागली’ आणि ‘नष्ट झाली’ यांत मराठी माणूस एरवी कधी चुकत नाही. तोच फरक इंग्रजीत लिहिताना सोबत नेला म्हणजे झालं.

इंग्रजी शिकणारी आपली मुलं इथे आणखी एक चूक करतात, आणि ती का होते हे कुणी त्यांना सांगत नाही. ‘द हाउस डिस्ट्रॉइड इन द फ्लड’ असं ती लिहितात. ‘पुरात घर नष्ट झालं’ याचं ते भाषांतर असतं. पण ‘डिस्ट्रॉय’ या क्रियापदाला कर्म लागतंच. घर स्वतःहून ‘डिस्ट्रॉय’ होऊ शकत नाही, कुणीतरी किंवा कशानंतरी ते करावं लागतं. म्हणून ‘वॉज डिस्ट्रॉइड’ म्हणायचं. आपोआप घडणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘कोलॅप्स’ आहे.

मराठीनं यासाठी जी सोय केली आहे ती मला फार मोलाची वाटते. पडणं आणि पाडणं. जळणं आणि जाळणं. तुटणं आणि तोडणं. फुटणं आणि फोडणं. एखाद्या मात्रेच्या, स्वराच्या किंवा अक्षराच्या फरकानं कर्ता आत येतो किंवा बाहेर जातो. सदाशिव, नारायण, शुक्रवार, कसबा, या पेठांत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हा फरक व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. ‘वाडा पडला’ आणि ‘वाडा पाडला’. पहिल्या वाक्यात पाऊस आहे, शंभर वर्षांची माती आहे, वाळवी लागलेली तुळई आहे. दुसऱ्यात मालक आहे, बिल्डर आहे, महापालिकेची नोटीस आहे, आणि तीस रुपये भाड्यानं राहणारा भाडेकरू आहे. वर्षानुवर्षं कोर्टात चाललेल्या भांडणाचं सार त्या एका काना-मात्रेत असतं. दोन्ही वाक्यांचं इंग्रजी ‘द वाडा वॉज डिस्ट्रॉइड’ केलं तर ते भांडणच पुसलं जातं. पहिल्याला ‘कोलॅप्स्ड’, दुसऱ्याला ‘वॉज डिमॉलिश्ड’. जुने वाडे धोकादायक ठरवण्याच्या कागदांचं भाषांतर माझ्याकडे येतं तेव्हा मी यात तडजोड करत नाही.

‘डिमॉलिश’ म्हणजे पाडकाम. ठरवून, मोजून, बहुतेक वेळा कायद्यानं केलेलं. पुणेकरांनी याचा सगळ्यात जाहीर धडा पाहिला तो चांदणी चौकात. २०२२ च्या १ आणि २ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री, एकच्या सुमाराला, तिथला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. महामार्ग बंद ठेवला होता, आजूबाजूच्या वस्तीला हलवलं होतं, आणि अर्धं पुणं टीव्हीपुढे जागत होतं. स्फोट झाला, धूळ बसली आणि दिसलं की पूल पुरता खाली आलेला नाही. काँक्रीट फुटलं होतं, आतल्या सळयांनी बराच भाग धरून ठेवला होता. उरलेलं पोकलेन लावून उतरवलं. दुसऱ्या दिवशी कुणी ‘पूल उद्ध्वस्त’ असं म्हटलेलं ऐकलं की मला अडखळायला व्हायचं. उद्ध्वस्त व्हायला दुर्दैव लागतं. इथे तर नकाशा होता, परवानगी होती, आणि नवा रस्ता व्हावा म्हणून जुनं काढलं होतं. जुलै २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी काढला, तेव्हाचा शब्दही ‘पाडला’ हाच.

वाड्याचं पाडकाम जवळून पाहिलं तर ‘डिमॉलिश’ आणि ‘डिस्ट्रॉय’ यांतलं अंतर हाताला लागतं. आधी कौलं उतरतात. मग दारं-खिडक्या चौकटीसकट निघतात. सागवानी खांब आणि तुळया सुट्या करून दोरानं खाली सोडतात, त्यांच्यावर खडूनं आकडे टाकतात. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, पितळी मुठी गोणपाटात जमा होतात. घाव पडतात ते शेवटी, मातीच्या भिंतींवर. लाकूड वखारीत जातं, बारीकसारीक वस्तू पुढे कधीतरी मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पालावर दिसतात. चढवलेले थर एकेक करून उतरवणं, म्हणजे लॅटिनमधल्या त्या शब्दाचा अगदी शब्दशः अर्थ, तो या पाडकामवाल्या मजुरांच्या हातात आहे.

आता मराठीकडे उलट बाजूनं बघू. ‘डिस्ट्रॉय’ला शब्दकोश ‘नाश करणे, नष्ट करणे’ असे अर्थ देतात. पण नाश म्हणजे मोडणं नव्हे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या जुन्या यादीत, हा धातू ‘णश अदर्शने’ असा दिला आहे. अदर्शन म्हणजे दिसेनासं होणं. नाश झालेली गोष्ट मुळात नाहीशी झालेली असते, तुटलेली असेल वा नसेल. कायद्याच्या मराठीत याचा धागा अजून टिकून आहे. गुन्ह्याचा पुरावा संपवण्याबद्दलचं कलम, जुन्या दंडसंहितेतलं २०१ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २३८, इंग्रजीत ‘डिस्ट्रॉय’ म्हणत नाही, ‘डिसअपिअरन्स’ म्हणतं, आणि मराठीत आपण ‘पुरावा नाहीसा करणे’ म्हणतो. चाकू वितळवला काय किंवा मुठेत फेकला काय, दोन्ही त्यात बसतं. वितळवलेला चाकू ‘डिस्ट्रॉय’ झाला, नदीतला नाही झाला, पण दोन्ही नाहीसे झाले.

त्याच धातूचं घरातलं रूप ‘नासणं’. दूध नासतं, तेव्हा ते कुठेही जात नाही, पातेल्यातच असतं, फक्त दूध म्हणून राहत नाही. इंग्रजीत त्याला ‘स्पॉइल’. आणि पंगतीत पानात टाकलेल्या अन्नाची होते ती ‘नासाडी’, तिथे ‘वेस्ट’. ‘नासधूस’ वेगळी : ती माणसं करतात, हुल्लड घालून, किंवा उसात शिरलेली रानडुकरं. नासधुशीला ‘व्हँडलिझम’ जवळ जातो, पण रानडुकरांना तो लावता येत नाही.

‘ध्वंस’चा धातू धातुपाठात ‘अवस्रंसने’ म्हणून दिलाय, म्हणजे ढासळून खाली येणं. ‘रुइन’च्या लॅटिन मुळाचाही अर्थ तोच आहे. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी भिंत खाली येताना पाहिली आणि एकाच तऱ्हेनं तिला नाव दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

‘बेचिराख’ हा शब्द मात्र बहुतेकजण चुकीचा समजून वापरतात. त्यात ‘राख’ ऐकू येते, म्हणून जळून राख झालेलं, असा अर्थ लावतात. शब्द फारसीतला आहे : ‘बे-चिराग’, दिव्याविना. महसुलाच्या जुन्या दप्तरांत ज्या गावात वस्ती उरली नाही त्याला ‘बेचिराग गाव’ म्हणत. शेतं तिथेच, विहीर तिथेच, घरंही उभी असतील, पण संध्याकाळी दिवा लावायला कुणी नाही. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही. ‘डिस्ट्रॉइड’ म्हटलं तर आग आणि फौज डोळ्यांपुढे येते, ‘डेझर्टेड’ म्हटलं तर लोक आपल्या मनानं निघून गेल्यासारखं वाटतं. बेचिराखमध्ये दोन्ही असू शकतं. ‘नेस्तनाबूत’ही फारसीच. त्यात ‘आता नाही’ आणि ‘अस्तित्वच नाही’ असे दोन नकार एकावर एक ठेवले आहेत. तो ‘अनाय्हिलेट’चा सख्खा भाऊ.

पुण्याचा स्वतःचा म्हणावा असा संहाराचा एक वाक्प्रचार आहे : ‘गाढवाचा नांगर फिरवणे’. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, कसबा लुटला. एवढ्यावर तो थांबला नाही. जागेवर गाढवांचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असं परंपरा सांगते. घरं जाळून गाव ‘डिस्ट्रॉय’ झालंच होतं. मग नांगर कशाला? कारण घरं पुन्हा बांधता येतात. नांगरामुळे ही भूमी शापित ठरवायची होती, म्हणजे पुन्हा कुणी इथे रचायलाच धजू नये. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यात आले, तेव्हा सोन्याचा फाळ लावलेला नांगर याच मातीत फिरवला, अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. मला त्या कथेत भाषेच्या दृष्टीनं मोठी समज दिसते. ज्या क्रियेनं भूमी मारली तीच क्रिया करून ती सोडवली. ‘डिस्ट्रॉय’ला उलटा शब्द इंग्रजीत ‘रीबिल्ड’ आहे, पण शाप काढण्याला तो पुरत नाही. तिथे आपल्याला ‘वसवणं’ म्हणावं लागतं.

देवाच्या बाबतीत तर इंग्रजी शब्द फारच तोकडा पडतो. ब्रह्मा, विष्णू, महेश यांची ओळख इंग्रजी पुस्तकांत ‘क्रिएटर, प्रिझर्व्हर, डिस्ट्रॉयर’ अशी छापतात. शिवाचं काम संहार. ‘सम्’ आणि ‘हृ’, एकत्र करून ओढून घेणं, आवरणं. जे पसरलं ते मागे घेणं. शाळेतल्या निबंधाच्या शेवटी आपण ‘उपसंहार’ लिहायचो तो याच शब्दापासून, आणि तिथे आपण निबंधाची मोडतोड करत नव्हतो, तो आवरता घेत होतो. आपण रोजच्या बोलण्यातही ‘संहार’ कत्तलीच्या अर्थानं वापरतो, ते चूक नाही, अर्थ वाढत जातात. पण ‘डिस्ट्रॉयर’ वाचून शिवाची जी प्रतिमा परक्या वाचकाच्या मनात तयार होते तिच्यात हे आवरून घेणं अजिबात येत नाही.

गंमत म्हणजे हा आवरून घेण्याचा अर्थ इंग्रजी शब्दालाही सापडला, तो संगणकात. हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. सी प्लस प्लस या भाषेत ‘डिस्ट्रक्टर’ नावाचा भाग असतो. प्रोग्रॅममधल्या एखाद्या वस्तूचं काम संपलं की तो चालतो आणि तिनं अडवून ठेवलेली मेमरी, उघडलेल्या फायली, सगळं परत करून टाकतो. सर्व्हर ‘डिस्ट्रॉय’ केला, सेशन ‘डिस्ट्रॉय’ केलं, असं तिथली मंडळी दिवसातून दहा वेळा म्हणतात. त्याचं भाषांतर ‘सर्व्हर उद्ध्वस्त केला’ असं कुणी करू नये. ‘काढून टाकला’ हेच बरोबर.

इंग्रजीतल्या एका गाजलेल्या वाक्यातही ही अडचण दिसते. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. त्या क्षणी आपल्याला गीता आठवली, असं बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख ओपेनहायमर यांनी पुढे सांगितलं, आणि त्यांचं ‘डिस्ट्रॉयर ऑफ वर्ल्ड्‌स’ जगभर पोचलं. अकराव्या अध्यायातला तो श्लोक आहे : ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’. मुळात शब्द आहे क्षय. क्षय हळूहळू होतो, चंद्राचा होतो, जमिनीचा होतो. बोलणारा आहे काळ. काळ जे करतो ते झिजवणं असतं, आणि बॉम्बनं जे केलं ते एका क्षणात झालं. ओपेनहायमर संस्कृत शिकलेले होते, त्यांना हे समजत नसेल असं नाही. पण इंग्रजीत नेताना झीज मागे राहिली आणि स्फोट पुढे गेला.

काही वापर नुसते माहीत असलेले बरे. नौदलातली ‘डिस्ट्रॉयर’ म्हणजे मराठीत विनाशिका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॉर्पेडो टाकणाऱ्या छोट्या नौकांना मारायला जी जहाजं बांधली, त्यांचं नाव ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ होतं. पुढे नावाचा शेवटचा तुकडाच राहिला. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम, नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात आली, ती याच जातीची. शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडला आणि ‘द हॉर्स वॉज डिस्ट्रॉइड’ असं वाचलं, तर घोड्याला मारून यातनेतून सोडवलं, एवढाच अर्थ. क्रिकेटमध्ये एका संघानं दुसऱ्याला ‘डिस्ट्रॉय’ केलं की आपल्याकडे ‘धुव्वा उडवला’. अर्थशास्त्रात ‘क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन’ आहे, शुंपेटर यांनी १९४२ मध्ये रूढ केलेला शब्दप्रयोग. नवं तंत्र आलं की जुने धंदे मोडतात, आणि वाढ त्याच मोडण्यातून होते. लकडी पुलापासून मंडईपर्यंत कधीकाळी दिसणारे पिवळे एसटीडी बूथ आठवा, किंवा जुलै २०१३ मध्ये बंद झालेली तार. याच विचाराला गणिती रूप देणाऱ्या आगियाँ आणि हॉविट यांना २०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ‘सर्जनशील विनाश’ हे त्याचं रुळलेलं भाषांतर मला पटत नाही. ‘जुनं मोडून नवं घडणं’ म्हटलं तर कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं.

‘डिस्ट्रॉय’ची सर्वांत काटेकोर व्याख्या मला एका आंतरराष्ट्रीय करारात मिळाली. १९९७ मध्ये लागू झालेल्या रासायनिक शस्त्रांच्या करारात लिहिलंय की रसायनाचं असं रूपांतर करायचं, जे मूलतः परतवता येणार नाही आणि ज्यातून पुन्हा शस्त्र बनवता येणार नाही. पिंप फोडणं, वायू पुरून ठेवणं, यांतलं काही चालत नाही. भारतानं आपला साठा याच अर्थानं नष्ट केला, २००९ मध्ये. ‘परतवता न येणं’ हा निकष मी तिथून उचलला आणि आता क्लेम फॉर्मलाही लावते.

कारण शब्दाची किंमत शेवटी पंचनाम्यात ठरते. पुरानंतर किंवा वादळानंतर तलाठी घरापुढे उभा राहतो, तेव्हा ‘पूर्ण नष्ट’ आणि ‘अंशतः पडझड’ अशा दोन खान्यांपैकी एकात घर बसतं. केंद्राच्या आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ साठी जे निकष ठरले त्यांत सपाट भागातलं घर पूर्ण नष्ट झालं तर १,२०,००० रुपये, आणि पक्क्या घराची अंशतः पडझड असेल तर ६,५००. त्यातही पडझड निदान १५ टक्के असावी लागते. पिकाला ३३ टक्क्यांची अट. मधल्या भिंती पडल्या, पण छप्पर दोन खांबांवर टेकलेलं आहे, असं घर कुठल्या खान्यात? परतवता येईल का, म्हणजे दुरुस्त करून त्यात माणूस राहू शकेल का, हा प्रश्न तलाठ्याला मोठ्यानं विचारावा आणि उत्तर पंचनाम्यात लिहून घ्यावं. ‘सगळं गेलं’ असं सांगू नये. मला माहीत आहे, तोंडी तेच येतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली मातीची घरं बसली. त्या पिढीतली माणसं आजही जन्माचा दाखला विचारला की म्हणतात, “पानशेतात गेलं.” मराठीतला नाशाचा सर्वांत खरा शब्द तोच असेल, ‘गेलं’. पण फॉर्ममध्ये त्याला खाना नसतो. तिथे काय गेलं, काय मोडलं, काय भिजलं आणि काय चालतंय, हे ओळीओळीनं सांगावं लागतं.

बाईंडरकाकांची दुसरी यादी आम्ही दुकानातच बसून केली. प्रत्येक वस्तू उचलून, उलटी करून, प्लग लावून. कटिंग मशीन, मोटारीसह दुरुस्तीयोग्य. स्पायरलचं मशीन, फक्त गंज. लॅमिनेशन मशीनचे रोलर गेलेले, बाकी ठीक. ‘डिस्ट्रॉइड’ अकरांपैकी चार ओळींत उरला : कागद, पुठ्ठे, रेक्झिन आणि भिजलेलं फर्निचर, ज्याची प्लायवूड पापुद्र्यांसारखी सुटली होती. क्लेम मिळाला. मशीन आजही चालतं.

यादी संपल्यावर त्यांनी खालच्या फळीवरून एक वही काढली. एका गिऱ्हाइकानं नवी शिवण घालायला दिलेलं, त्याच्या आजोबांचं कीर्तनाचं बाड. फळी बुडाली होती. काकांनी प्रत्येक पान वेगळं करून पंख्याखाली वाळवलं होतं, एकही पान फाटलं नव्हतं. शिवणीसाठी पाडलेली जुनी भोकंसुद्धा शाबूत होती. बोरूनं, शाईनं लिहिलेली अक्षरं मात्र पाण्यात उतरून गेली होती आणि पानांवर फिकट निळी झाक होती. “ताई, याला इंग्रजीत काय लिहायचं?” त्यांनी विचारलं. बाड त्यांच्या मालकीचं नव्हतं, त्यामुळे यादीत ते धरता येत नव्हतं. ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. मी पानं उजेडाकडे धरून बघत राहिले, एखादी ओळ दिसते का म्हणून.